'परत' नावाचं बटण

— नाही हो, खोटं कशाला बोलू, छान झालीये तुम्ही बनवलेली दवाखान्याची नवी वेबसाइट. डोळ्याचं चित्र दाबलं की डोळ्याचे डॉक्टर, दाताचं दाबलं की दाताचे. काल एक आजी कुणालाही न विचारता तारीख घेऊन गेल्या — माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बरं वाटलं? वाटलं की. आणि धास्तीही वाटली. मोठे साहेब म्हणालेत ना, समजावून सांगावं लागत नसेल तर मदत खिडकी हवी कशाला — म्हणजे मी तरी हवी कशाला? घरात मी एकटी कमावती — ते असो, ते लिहू नका.

काय विचारलंत? लोक अडतात कुठे? कुठेच नाही, सांगितलं ना मघाशी.

… थांबा. बसा जरा. ते खालचं बटण — 'परत'. जुन्या वेबसाइटवरून जसंच्या तसं उचललंत ना? तुमच्या मनात काय, मागच्या पानावर जायचं. पण परत म्हणजे पुन्हासुद्धा होतं की हो! तारीख मिळाली की माणूस म्हणतो, परत एकदा बघून घेऊ — दाबतो — आणि तारीख गायब. रद्द झाली असंही कुठे येत नाही. मग एवढंसं तोंड करून माझ्याकडे. मला कधीपासून ठाऊक आहे? चार वर्षं. हो, चार. बोलले का नाही? कशी बोलणार — दिवसाला वीस माणसं त्या एका शब्दापायी खिडकीशी यायची, मी म्हणायची, 'द्या इकडे, मी करते' — देवासारख्या भेटलात म्हणायचे हो मला!

आमच्याकडे येणारे शिंपीकाका, तेही देवासारखी भेटलीस म्हणाले. काचबिंदू होता त्यांना. ऑपरेशनच्या दिवशी पिशवी भरून आले, तर यादीत नावच नाही — 'परत' दाबलं होतं. पुढची तारीख मी काढून दिली, ती तीन महिन्यांनंतरची. तोवर एक डोळा गेला. आता सुईत दोरा बायको ओवून देते. मला म्हणाले, 'माझंच चुकलं पोरी, आम्हाला कुठलं यातलं कळतंय.' आणि मी — मी मान डोलावली. लाज वाटते हो, झोपताना वाटते, उठताना वाटते.

लिहा. तिथे 'मागे' लिहा. आणि दाबल्यावर आधी विचारू दे, तारीख रद्द करायची का म्हणून. लिहिलंत? मग माझ्याकडे असे बघत बसू नका. वही मिटा, उठा, खुर्ची मोकळी करा — माणसं ताटकळलीयेत केव्हाची. या मावशी, बसा. काय अडलंय?