कपड्यांसकट पास

तरणतलावाच्या उपाहारगृहात तळलेल्या बटाट्यांसाठी फेना रांगेत उभी होती. पुढच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींपैकी थोरलीच्या झग्यातून पाणी निथळत होतं. त्यांच्याही पुढे पोहण्याचे परीक्षक उभे होते.

“हिल्केताई, एकाहत्तराव्या वर्षी पोहण्याचा दाखला! तोही कपडे-बुटांसकट, सहा-सहा वर्षांच्या पोरांबरोबर! अख्ख्या गावाला सांगणार मी!”

“नको सांगूस, रिन्स्के. मध्यावर माझा पाय तळाला टेकला.”

“कुणी पाहिलं?”

“कुणीच नाही.”

“मग गप्प बस आणि बटाटे खा!”

“आणि उद्या कालव्यात पडले, तर तिथे तळ कुठे शोधू? अहो साहेब, तुम्हीच घेतलीत ना आत्ता परीक्षा? हा घ्या दाखला परत. माझा पाय टेकला होता.”

“अरेरे! बाई, पुढची परीक्षा आता जूनमध्ये.”

“जून कशाला? मी ओलीच आहे, आत्ताच घ्या की!”

“आत्ता? अहो, माझे बटाटे आलेत!”

“गार झाले तर माझे गरम देईन. चला!”

“ताई, निदान बूट तरी पिळून घे गं!”

“पिळून काय करू? परत भिजायचेच आहेत!”

फेनाचा नंबर आला होता. ती रांग सोडून तलावाकडे पळत सुटली.