गिळायच्या आधी

शिवणाची पिशवी मांडीवर घेऊन शिंपीणबाई दवाखान्यात नंबरची वाट पाहत होत्या. पाठीमागच्या बाकावर नवरा-बायकोची खुसफूस चालली होती. कान झाकून घ्यावेत, तर तेही बरं दिसेना.

“डॉक्टरांना खरं सांगा, आज गोळी घेतलेली नाही म्हणून.”

“इथून थेट क्रेनवर जायचंय. गोळीने झापड येते.”

“पण गोळीनेच घशातली कळ थांबली ना? नाहीतर गिळलं की कळ, आणि कळ आली की हृदय थांबून तुम्ही धाडकन आडवे. विसरलात?”

“वर असताना मी गिळतच नाही. थुंकी डब्यात टाकतो, पाण्याला शिवत नाही.”

“दिवसभर?”

“पाळी संपेपर्यंत. खाली माणसं काम करतात गं, पेंगून कसं चालेल?”

“आणि बेशुद्ध पडून चालेल? सांगितलंत तर डॉक्टर गोळी बदलून देतील.”

“नाहीतर क्रेनच बंद करतील. मग खायचं काय?”

“आता तरी कुठे खाताय?”

“तू गप्प बस जरा.”

“बसते. काल आपली चिमी पाणी प्यायला जमिनीवर बसली, भिंतीला डोकं टेकलं, मग घोट घेतला. म्हटलं, हे काय गं? तर म्हणते, ‘पडले तर डोकं आपटायला नको.’”

मागे नवऱ्याने नाक ओढलं. लगेच बायकोचा आवाज आला, घाबरलेला.

“अहो, थांबा. आवंढा गिळू नका. आधी खाली बसा, भिंतीला टेका.”