बिडाला गेलेला तडा

गुरम्मा: पण मी उद्या येष्टीनं जाते म्हणते, तर तुमचं काय बिघडतंय?

धोंडप्पा: दारात गाडी असताना बायको येष्टीनं बहिणीकडं? नायगावचे साडू काय म्हणतील मला? टॉर्च जरा इकडं धर.

गुरम्मा: धरलाय. व्यंकटी मिस्त्रीला सांगायचं सोडून तुम्ही कशाला हात काळे करून राहिलाव?

धोंडप्पा: व्यंकटी लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेलाय. आन् लई मोठं काम न्हाई. इंजिनातला धूर सायलेन्सरकडं न्यायचा ह्यो बिडाचा भाग. मॅनिफोल्ड म्हणतेत. जुना काढायचा, लातूरहून आणलेला बसवायचा. ती फटफट बंद.

गुरम्मा: नट तर हलंना.

धोंडप्पा: गंजलाय. काल तेल सोडून ठेवलंय. आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. खामखा जोर केला तर बोल्ट मोडून आतच राहतोय. सबर लागते.

गुरम्मा: एवढी सबर आपल्या भांड्याच्या दुकानात दाखवली असती तर गिऱ्हाईक उठून गेलं नसतं.

धोंडप्पा: गिऱ्हाईकाला तेल सोडता येत न्हाई ना. हं... सुटला! शेवटचा होता. आता दोन्ही हातांनी धर, जड हाय. हळू. ठेव त्या पोत्यावर.

गुरम्मा: अवो, ह्याच्या मागल्या अंगाला एवढी काजळी कशानं? पुढं तर एवढी न्हाई.

धोंडप्पा: बघू. फडकं दे. ... तडा हाय. बोटभर लांब.

गुरम्मा: म्हणून फटफटत होती व्हय?

धोंडप्पा: हाव. पण काजळी मागं... टॉर्च मार बरं त्या पत्र्यावर. ह्यो पत्रा इंजिन आन् आपण बसतो त्याच्या मधला. वायरी आत जातेत तिथं रबराचं बूच असतंय. कुठं गेलं?

गुरम्मा: बूच न्हाई. नुसतं भोक हाय. कडंनं काळं झालंय.

धोंडप्पा: गुरम्मा, गाडीत तू मागं बसतीस तवा काच वर असते ना?

गुरम्मा: असते की. धूळ येते, केस उडतेत.

धोंडप्पा: आन् माझी?

गुरम्मा: तुमची कायम खाली. कोपर बाहेर काढल्याशिवाय तुम्हाला चालवता कुठं येतंय?

धोंडप्पा: गाडीत मळमळतं तसं येष्टीत मळमळतं तुला?

गुरम्मा: कधीच न्हाई. सांगून सांगून थकले मी.

(धोंडप्पा पाना खाली ठेवतो.)

धोंडप्पा: धूर मागं जायच्या ऐवजी ह्या तड्यातून निघत होता, आन् भोकातून आत येत होता. सगळा दिसतोय थोडाच. मी वाऱ्याला होतो. तू काचा लावून तोच धूर घेत होतीस.

गुरम्मा: म्हणजे हिमायतनगरच्या लग्नात...

धोंडप्पा: हाव.

गुरम्मा: अक्षता पडत होत्या आन् मी मांडवामागं उलट्या काढत होते. तुमची मंजुषा चारचौघींत म्हणली, वहिनीला गाडीचं सुख सोसत न्हाई. तुम्ही हसलाव.

धोंडप्पा: हसलो.

गुरम्मा: डॉक्टरला मी सांगाया गेले, गाडीत बसलं की डोकं धरतंय. तुम्ही मधीच म्हणलाव, गाडीचं काय सांगतीस, वयाचं सांग. त्यांनी वयाच्या गोळ्या दिल्या. खाल्ल्या मी.

धोंडप्पा: तवा एकदा जरी माझी काच वर करून बसलो असतो...

गुरम्मा: भाचीच्या पोराचं बारसं फोनवर बघितलं. माझ्या अण्णाच्या पुण्यतिथीला गेले न्हाई. नंतर नंतर मलाच वाटाया लागलं, माझ्या मनातच कायतरी खोट हाय. माहेरी जायचं म्हणलं की आजारी पडणारी बाई कुठं असते का?

धोंडप्पा: तुझ्यात खोट न्हाई. कधीच नव्हती. मी...

गुरम्मा: आधी नवा बसवा. बोलायला जल्म पडलाय.

धोंडप्पा: हाव. ... जोडाची तोंडं घासून चकचकीत करतो, जुन्या पॅकिंगचा कण ऱ्हायला न्हाई पाहिजे. हं, आता नवं पॅकिंग. मधले नट आधी, मग कडंचे. सगळे थोडे थोडे. ह्यो खालचा हाताला येईना.

गुरम्मा: सरका. माझा हात बारीक हाय. कुणीकडं फिरवू?

धोंडप्पा: उजवीकडं. बास. आता पान्यानं मी आवळतो.

गुरम्मा: आन् ते भोक?

धोंडप्पा: नवं बूच आणतो कोपऱ्यावरून. बुचाशिवाय गाडी सुरूच करत न्हाई.

गुरम्मा: जाऊन या. मी इथंच बसते.

धोंडप्पा: ... मिळालं. बसलं बी घट्ट. मारू का स्टार्टर?

गुरम्मा: मारा. अवो, धूर निघतोय!

धोंडप्पा: नव्या बिडावरचं तेल जळतंय. दोन मिनिटांत थांबंल. थांबला की कागदाची पट्टी जोडाजवळ धर, हाताला चटका बसू देऊ नको. फडफडते का?

गुरम्मा: न्हाई. सरळ हाय. आवाज बी बदलला. पैल्यासारखा झाला.

धोंडप्पा: बस. एक चक्कर मारू. मागं नको, पुढं बस.

गुरम्मा: काच?

धोंडप्पा: वर कर. मी बी करतो माझी. काय झालं तर दोघांना होईल.

गुरम्मा: कोपर कुठं ठेवणार आता?

धोंडप्पा: मांडीवर. ... डोकं कसं हाय?

गुरम्मा: आत्ता तर निघालो.

धोंडप्पा: आता?

गुरम्मा: गप चालवा हो. ह्या रस्त्याला एवढी चिंचेची झाडं कधी लावली?

धोंडप्पा: लई जुनी हायत. आपल्या लग्नाच्या आधीची.

गुरम्मा: मी डोळे मिटून असायची.

धोंडप्पा: ... आपलं चाकूर लई मागं ऱ्हायलं. मळमळतंय का? खरं सांग.

गुरम्मा: भूक लागलीय.

धोंडप्पा: मग वळवू का घराकडं?

गुरम्मा: न्हाई. नायगावलाच चला.

धोंडप्पा: आत्ता? पिशवी न्हाई, साडी न्हाई, कोपरापर्यंत काळी झालीस.

गुरम्मा: बहिणीच्या घरी साबण असतोय. चला.