उपऱ्याचं जोतं

…उपरी म्हनं! आवं, उपरी म्हंजी भायेरनं आलेला, ह्ये मला बी कळतंय, पन आलो कवा? भाटघरच्या धरणाचं पाणी चढलं, आमची वस्ती बुडाली, तवा मेंढरं हाकत ह्या माळावर आलो, आमचा चिमाजी तवा पाळण्यात व्हता, आन् आता त्याच्या पोराचा पाळणा हलतोय! तरी भोरच्या बाजारात कुनी इचारलं, "हैबती, गाव कंचं?" तर काय सांगू? गावाच्या वरचा म्हनून सांगतो!

आता तुमी म्हनशीला, नावात काय हाय? नाव ऱ्हाऊ द्या वो! पन आमच्या गावची रीत अशी, की उपऱ्यानं कुडाचं खोपाट बांधावं, दगडाचं जोतं घालायचं न्हाई. जोतं घालावं गावकऱ्यानं. आन् आमच्या कारभारनीला, आक्काबाईला, हवं जोतंच! रोज भाकरी थापताना एकच… "मरायच्या आदी दगडाच्या जोत्यावर बसून एक भाकर थापू द्या मला." आता तिचं गुडघं धरल्यात, भुईवरनं उठताना माजा खांदा धरती, आन् मला लई वाईट वाटतं, खरं सांगतो.

तर संस्थानचा हुकूम आला, गावानं पंच निवडायचं, हात वर करून. आन् हात फकस्त गावकऱ्याचा! झालं… वरच्या आळीच्या रखमाजी पाटलानं हात मोजलं, कमी भरलं, आन् त्येची नजर गेली आमच्या माळावर. मेंढरांस्नी हात न्हाईत म्हनून, न्हाईतर ती बी मोजली असती! चावडीवर हुबा ऱ्हाऊन बोट नाचवत म्हनला, "हैबती ह्याच मातीतलं पाणी प्यालाय! त्यो आपला न्हाई, तर मंग कोन आपला?" डोळ्याला पाणी आलं वो माज्या! तवर खालच्या आळीचं आनंदराव उठलं, "आज ह्याला घ्याल, उद्या आख्खा घाट चढून यील!" आन् म्या तितंच हुबा! घाट बी न्हाई, फकस्त हैबती!

पन दुसऱ्या दिशी रखमाजीची पोरं दगडाची गाडी घिऊन हजर. "हैबतीनाना, जोतं घाला, कोन आडवतंय बगतो." उगवतीकडची बाजू रचली बी! आक्काबाई त्या दगडांस्नी हळदीकुकू लावून आली.

आता मज्जा ऐका. आनंदरावाला कुनीतरी सांगितलं, की आक्काबाईचं म्हायेर आन् त्येच्या आईचं म्हायेर एकच गाव. झालं की! त्यो मानूस डोंगर चढून धापा टाकत आला, आन् आक्काबाईच्या पायाच पडला! "आक्का, तू तर माजी मावशी लागती!" आवं, इतकी वर्सं ही मावशी त्येच्याच दारावरनं पाणी आनत व्हती! पन मान्सं लावली त्येनं, मावळतीची बाजू रचून घेतली, आन् मुद्दाम रखमाजीच्या बाजूपरीस इतभर उंच. तांब्या ठिवला, की आनंदरावाकडनं निगतो आन् गडगडत रखमाजीकडं जातो!

फुडच्या बैठकीला आनंदराव बोट नाचवत म्हनतोय, "हैबती ह्याच मातीतलं पाणी प्यालाय!" आन् माजा हात आता मावशीच्या भाच्याकडं जानार म्हनून रखमाजी म्हनतोय, "आख्खा घाट चढून यील!" शबुद बी त्येच वो! म्या तितंच हुबा, कुनाकडं बगून हसावं त्ये कळंना. रखमाजीला म्हनलं, "पाटील, निम्मं जोतं तुमीच घातलंय." तर म्हनला, "मंग माजं निम्मं ऱ्हाऊ दे, त्येचं पाड!" आनंदराव वराडला, "त्येचंच पाडा!"

दोगांनी पाडायला मान्सं धाडली, खरंच धाडली! तर आमची आक्काबाई काटवट घिऊन मदोमद जाऊन बसली, निम्मी हिकडं निम्मी तिकडं, आन् भाकर थापायला लागली. "पाडा," म्हनली, "पन भाकर खाऊन पाडा." पाडनारी मान्सं भुकेली व्हती, जेवली. जेवल्यावर कोन पाडतंय?

तवर गावात दोगांचं मिटलं! बिनइरोद! थोडं पंच त्येचं, थोडं ह्येचं, हात वर करायचं कामच उरलं न्हाई. म्या चावडीवर गेलो, इचारलं, "मंग म्या गावचा का न्हाई?" दोगं पान जुळवत व्हतं, म्हनलं, "फुडच्या खेपंला बगू." आन् म्या… जाऊ द्या.

पन काल सकाळी चावडीचा सोनबा माळ चढून आला. "हैबतीनाना, सायेब येनार हाईत, रस्त्याला खडी टाकायचीय. वेठीला घरटी एक मानूस!" म्या म्हनलं, "आरं, म्या तर उपरी!" सोनबानं आक्काबाई बसली व्हती तिकडं बोट दावलं. "जोत्याचं घर हाय न्हवं? मंग घरटीत आलासा!"

आक्काबाईनं गूळ वाटला वो! सबंद माळभर! वेठीचा गूळ वाटनारं घर बगितलंय कुनी? आन् आज दिसभर उन्हात म्या खडी फोडली. रखमाजी आन् आनंदराव छत्री धरून देखरेखीला. रखमाजी म्हनला, "हैबती, तुज्यापायी लई भांडलो बाबा." आनंदराव म्हनला, "म्या बी!" खरंच भांडलं की वो, म्या कुठं न्हाई म्हनतोय? म्हनलं, "व्हय जी, लई उपकार झालं… जरा पाय उचला, तुमच्याखालचा दगूड फोडायचाय."