तिसऱ्या कडव्यातला अडखळा

—नाही हो, दुरुस्तीला शिलाई मशीन नाही आणलंय मी. सुईत दोरा ओवता येत नाही मला, मशीन कुठलं! मी तुमच्यासाठी आलेय. तुम्हीच ना ते, बँडमध्ये सिंथेसायझर वाजवायचात ते? डोळ्यावर केस, कोटाचे खांदे एवढाले— फोटोत डावीकडून दुसरे? नाही म्हणू नका, ओळखलंय मी. केस गेले, कान तेच आहेत. आणि ती दारावरची पाटी उलटी फिरवू नका, हात जोडते, पाच मिनिटं द्या. उद्या चारच्या आत मला काहीतरी करायलाच हवं, नाहीतर— बसू का? बसते.

तुमच्या त्या गाजलेल्या गाण्याचं नाही विचारत मी. ते सोडा, ते तर शाळेतली पोरंसुद्धा बाकं बडवून म्हणायची. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं— ‘लिफ्ट बंद आहे’. बघा, हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवलात! चाळीस वर्षांत कुणी विचारलं नसेल ना त्याबद्दल? पण माझ्या दादाला विचारा. दादा म्हणतो, बाकीच्या नऊ गाण्यांत तुम्ही लोकांना खूश करत होतात, आणि या एकात चौघं एकमेकांसाठी वाजवत होतात. एक माणूस जिना चढतोय, मजल्यामागून मजले, आणि वर कोण आहे ते शेवटपर्यंत सांगत नाही तुम्ही— दादा म्हणतो, सांगत नाहीत हेच तर भारी आहे. मला विचाराल तर— नको, मला नका विचारू.

दादा पाट्या रंगवायचा, दुकानांच्या. बावीस वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मागची खोली, एक खिडकी आणि उशाशी टेपरेकॉर्डर. सुरुवातीला मित्र यायचे, मग यायचे बंद झाले, त्यांना तरी काय बोलणार, त्यांचे संसार. एकदा जेवताना म्हणाला, ‘छोटे, हे गाणं आवडणारा जगात मी एकटाच असेन गं.’ असा काही बोलला की मी ताटावरून उठलेच. मी टपाल खात्यात आहे, आलेली पत्रं गावागावांची वेगळी करायला बसते. तर मी काय केलं— चूक केली, माहितेय मला— दुसऱ्या दिवशी एक पत्र लिहिलं. डाव्या हाताने. बंदरावरच्या एका क्रेनवाल्याचं. दादाने कधीकाळी गाण्यांच्या एका मासिकाला तुमच्याबद्दल लिहिलं होतं, पत्ता तिथून मिळाला असं दिलं ठोकून. टपालगाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं, पलीकडच्या गावातल्या पेटीत टाका, म्हणजे शिक्का तिथला पडेल. दादाने तीनदा वाचलं. त्या दिवशी दाढी केली त्याने— स्वतःहून!

मग काय, थांबता येतंय होय? जुळ्यांची आई आली, दातांचा डॉक्टर आला, एक निवृत्त मास्तरीण आली— करता करता अकरा झाले. अकरा! कधी डावा हात, कधी ऑफिसातल्या बायकांकडून उतरवून घ्यायचं. प्रत्येकाचं अक्षर निराळं, दुखणं निराळं. मास्तरणीचं मांजर मेलं तेव्हा दादाचे डोळे भरून आले हो, नसलेल्या मांजरासाठी, आणि मी ओट्याशी पाठ करून उभी! उत्तरं तो माझ्याकडेच द्यायचा, ‘पेटीत टाक’ म्हणून. पत्र्याच्या डब्यात आहेत सगळी. एकही फाडलं नाही. हसा, हसा— नाही, हसत नाही आहात तुम्ही.

आणि आता डॉक्टरांनी हात टेकले. आठवडा, फार तर दोन. आणि दादा म्हणतो, सगळ्यांना बोलव. उद्या चार वाजता, अकराच्या अकरा. कुठून आणू मी? म्हटलं, लांबची माणसं आहेत रे. तर म्हणतो, येतील. म्हटलं, खुर्च्या किती मांडू? तर म्हणतो, एक. एक म्हणे! औषधांनी डोकंच ठिकाणावर नाही त्याचं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. त्याला आत्ता कळलं, आत्ता, या शेवटच्या दिवसांत, की कुणी नव्हतंच, बहिणीने इतकी वर्षं बनवलं— ते डोक्यात घेऊन तो गेला तर मी कुठे तोंड दाखवू? कुणाला दाखवू, घरात आहे कोण दुसरं! म्हणून तुम्ही या. साक्षात तुम्ही आलात तर बाकीच्यांचं कोण विचारतंय? मी सांगेन, रस्ता बंद आहे, पूल पडलाय, काहीही सांगेन, सांगायची सवय आहे मला. वाजवू नका हवं तर. नुसते बसा. नुसतं म्हणा, की हो, मलाही क्रेनवाल्याचं पत्र आलं होतं.

अहो, ऐका ना. मी काय तुमच्या गाण्याच्या प्रेमात बिमात नाहीये— सांगूनच टाकते, मला आवडतच नाही ते. भिंतीतून ऐकून ऐकून कान किटलेत. एकच जागा आवडते, तिसऱ्या कडव्यात. ओळ अर्धी होते आणि सगळं खटकन अडखळतं, पायरी चुकल्यासारखं, आणि एकदम पुढचाच ठेका. तेवढ्यासाठी हातातलं काम ठेवते मी. क्रेनवाल्याने तेच लिहिलं, दातांच्या डॉक्टरने तेच, अकराही जणांनी तेच, कारण मला दुसरं लिहिता येतं कुठे? आणि दादाने प्रत्येकाला उत्तरात लिहिलंय, ‘माझीही सगळ्यात आवडती जागा तीच.’ कसं सुचलं हो तुम्हाला ते? —काय? मान काय हलवताय? तुम्हीच वाजवलंय आणि तुम्हालाच आठवत नाही? आहे का रेकॉर्ड? मग लावा ना, लावा, मी दाखवते. हां, हे पहिलं. ...दुसरं. ...आता बघा हं, आता ओळ अर्धी होईल आणि—

गेलं? पुन्हा लावा. ...पुन्हा.

सरळ चाललंय. नाहीच आहे.

दादाने मित्राची रेकॉर्ड आणली होती एका दिवसापुरती. कॅसेटवर उतरवून घेत होता. मी सहा वर्षांची, कॉटवरून उड्या मारत होते. टेबलावर आदळले, सुई उडाली. आता मार बसणार म्हणून कॉटखाली जाऊन बसले. त्याने नाही मारलं. रेकॉर्ड परत द्यायची वेळ झाली होती, तशीच राहिली ती कॅसेट. मी विसरूनच गेले होते बघा. तो धक्का माझा आहे. जगात एकाच कॅसेटवर आहे. आणि क्रेनवाल्याने पहिल्याच पत्रात—

पहिल्याच पत्रात.

म्हणजे मांजराला रडला तेव्हाही त्याला ठाऊक...

बंद करा हो ते गाणं. नाही, नका येऊ. उद्या तुम्ही येऊ नका, कुणीच नको. फिरवा ती पाटी, मी निघते. माझ्यापुरती खुर्ची एक आहे घरात.