विनय कुठल्या अवयवाला म्हणतात?

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका — ज्या देहाला हाडामांसाचं अंगच नाही, त्याच्या अब्रूवर हात टाकता येतो का?

माना हलल्या! 'नाही बुवा' म्हणताय ना? भार्गव मास्तरही हेच म्हणत होते. चिपळूणचे, गणित शिकवून निवृत्त झालेले. लेक रेणुका, सव्वीस वर्षांची, घरूनच नोकरी करते. डोळ्यांवर तो डब्याएवढा चष्मा चढवला की खोलीतल्या खोलीत दुसरं जग! तिथं आपल्या नावाची एक बाहुली. आपण मान वळवली की ती वळवते, आपण हात उचलला की तिचा हात वर! पूर्वी समाधी लागायला बारा वर्षं तप लागायचं, आता चार्जिंग लागतं!

तर एका रविवारी रेणुका त्या जगातलं चित्रप्रदर्शन बघायला गेली. तिघे पुरुष आले, तेही बाहुल्यांच्या रूपात. तिला भिंतीशी कोंडलं — आणि नको तिथं हात! वर घाणेरडे शब्द, अगदी कानाला लागून! ती मागं सरकते, ते पुढं येतात. बाहेर पडायचं बटण सापडेना हो! शेवटी चष्मा ओरबाडून फेकला.

दुसऱ्या दिवशी बापलेक पोलीस ठाण्यात. हवालदार शिर्के माणूस भला, पण पेन अडलं. "ताई, हात लागला कुठं?"

"मला."

"तसं नव्हे. तुम्ही घरात. ते कुठल्या गावात, देव जाणे! अंगाला स्पर्श नाही, बळजबरी नाही. कलम लावू कसं?"

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी, आवाज मात्र खणखणीत! "हवालदारसाहेब, या गुन्ह्याला तुम्ही म्हणता काय?"

"विनयभंग."

"अंगभंग नाही ना? मग सांगा, विनय कुठल्या अवयवाला म्हणतात?"

शिर्के उठले, आत साहेबांकडे गेले, आले ते कायद्याचं पुस्तक घेऊनच. "ताई, स्पर्शाचं कलम कोर्टात टिकेल की नाही, मला ठाऊक नाही. पण शब्दानं, हावभावानं बाईच्या विनयाचा अपमान केला तरी गुन्हा आहे, हे इथं छापलंय. लिहितो. साक्षीदार कोण?"

कोण असणार? खोलीत एकटी पोरगी! — आणि मास्तर उभे राहिले.

"मी. दारात होतो. माझी मुलगी रिकाम्या खोलीत छाती झाकून भिंतीला टेकली होती. 'सोडा, सोडा' म्हणत होती." शिर्के पेन ठेवू लागले, तसे मास्तर पुढं बोलले. "साहेब, पुढचंही लिहा. मला तो खेळ वाटला. मी हसलो."

लिहिलं हो! बापानं खाली सही केली! त्या तिघांची नावं अजून कळायची आहेत. खटला उभा राहील, पडेल, ते न्यायाधीश बघतील.

पण तुमचा जबाब कोण घेणार, मंडळी? आज गजर नको. टाळ खाली ठेवा. घरी जा, लेकीसमोर, सुनेसमोर, बहिणीसमोर बसा आणि विचारा — "तू काही सांगत होतीस, तेव्हा मी हसलो होतो का?" आणि ती बोलेपर्यंत जागचे उठू नका!