मदालोचं नवं पुस्तक

नाही मॅडम, बाहेर नको — चहा इथेच प्या. दार लोटते मी. मांदासी घ्या ना, आत्ताच तळलीयत. मघाशी वर्गात तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘मुलाच्या छळाचा संशय आला की लगेच नोंद करा’ — सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी नाही घेतलं. नोंद करायची कुठे, तेवढं सांगा. रजिस्टरात? तिथे आजाराचं नाव नि पुढे एक रेघ, झालं. खरं काय ते आम्ही पेशंटच्या तपासणीच्या पुस्तकात लिहितो. आणि पुस्तक कुठे राहतं? पेशंटच्या घरी!

एका नर्सचं सांगते — दुसऱ्या आरोग्य केंद्रातली हो, इथली नाही. तेरा मार्चला सहा वर्षांची पोर आली, मदालो. आई जोहान्सबर्गला कामाला, पोर मामाकडे. हात भाजलेला. मामा म्हणाला, पेज उतू गेली. आता पेज उतू गेली तर शिंतोडे उडतील ना? हिच्या मनगटाला सरळ रेघ, मोजा चढवल्यासारखी — हात धरून बुडवल्याशिवाय तसं होत नाही. नर्सनं लिहिलं, ‘जखम सांगितल्याप्रमाणे दिसत नाही. घरावर लक्ष ठेवावं.’ तारीख, वेळ, सही, सगळं जिथल्या तिथे. मग पुस्तक मिटलं नि दिलं — कुणाला? मामाच्याच हातात. सवय हो! दिवसाला दीडशे पुस्तकं अशीच देतो. मामा शाळेत मास्तर. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा — तिच्यापेक्षा चांगलं.

पोलिसात का नाही गेली? बोलायला सोपं आहे, मॅडम. आमच्याकडे पोरावर हक्क मामाचा, बापालासुद्धा कुणी विचारत नाही. त्यातून तो केंद्राच्या समितीचा अध्यक्ष. नर्सला वाटलं, पुढच्या ड्रेसिंगला येईल तेव्हा बघू. पोर आलीच नाही. पाच महिने मी रोज सकाळी रांगेतले हात बघत होते — हो. मीच ती. अशा बघू नका माझ्याकडे.

आज आली. हे तिचं पुस्तक — नवं कोरं. जुनं म्हणे पावसात भिजलं. आतलं एकेक पान पांढरं, जणू पोर आजच जन्मली. आणि पाठ — पाहिलीय मी पाठ. विचारलं, काय झालं गं? तर म्हणते, ‘सिस्टर, लिहू नका.’ सहा वर्षांची पोर! ‘मागे तुम्ही लिहिलंत ना, तेव्हा घरी…’

मामा कुठे? अहो, सकाळी तुमच्या वर्गाची प्रार्थना कुणी म्हटली? पहिल्या बाकावर, तुमच्या वाक्यावाक्याला मान डोलावत होता — तोच. बाहेर चहा पितोय.

हळू बोला. पोर ड्रेसिंगच्या खोलीत आहे, ताप आहे म्हणून ठेवून घेते. नाहीये ताप — पण थर्मामीटर माझ्या हातात आहे ना! तुम्ही मागच्या दारानं जा, आंब्याखाली रेंज येते. जिल्ह्याच्या बालकल्याणवाल्यांना फोन लावा, गाडी घेऊनच या म्हणावं. कागद नको, तोंडी सांगा. माझं नाव सांगा — सांगा खुशाल, एनाला म्सिस्का. उठा. चहा राहू द्या, जा —

या, या मास्तर. मॅडम होय, हात धुवायला गेल्यात. मदालो झोपलीय, अंग तापलंय जरा, आज राहू दे इथेच. पुस्तक? हे काय, माझ्यापाशीच आहे. बघा ना, उघडून बघा — काही लिहिलेलं नाही.